गीतांसाठी दोन, अभिनयासाठी एक राष्ट्रीय पुरस्कार. स्वानंद किरकिरे यांचा प्रवास नेमका कसा झाला?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या सेंड-ऑफला 'बहती हवा सा था वो' वाजलं आणि अख्खी बॅच रडली. गाणं कोणाचं? कुणी म्हणालं शानचं, कुणी म्हणालं आमिरचं. लिहिलं कोणी, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

ते लिहिलं होतं स्वानंद किरकिरे यांनी. त्याच गाण्यासाठी त्यांना गीतलेखनाचा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिला मिळाला होता 'लगे रहो मुन्नाभाई'मधल्या (२००६) 'बंदे में था दम'साठी.

किरकिरे इंदूरच्या मराठी घरातले. आई-वडील दोघेही शास्त्रीय गायक. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ते शिकले, म्हणजे रंगभूमी आधी आणि गाणी नंतर. मुंबईत ते सुधीर मिश्रांचे सहायक झाले. मित्रांच्या मैफलीत ते गायचे ते 'बावरा मन' मिश्रांनी थेट 'हजारों ख्वाहिशें ऐसी'मध्ये घेतलं, तेही त्यांच्याच आवाजात. पुढे 'परिणीता', '३ इडियट्स', 'काय पो छे'. 'इंग्लिश विंग्लिश'मधलं 'नवराई माझी' पुन्हा ऐका. त्यात त्यांच्यासोबत त्यांची आई नीलांबरी यांचाही आवाज आहे.

मग अभिनय कुठून आला?

खरं तर तो गेलाच नव्हता. २०१८च्या 'चुंबक' या मराठी चित्रपटात लॉटरीचे खोटे मेसेज पाठवणाऱ्या पोराच्या जाळ्यात प्रसन्न ठोंबरे नावाचा माणूस सापडतो. वय पंचेचाळिशीचं, मन लहान मुलाचं. अशा भूमिकेत हातवारे वाढवायचा मोह होतो. किरकिरे तो टाळतात. प्रसन्न समोरच्यावर विश्वास टाकून नुसता उभा राहतो आणि फसवणाऱ्याइतकंच आपल्यालाही अवघडल्यासारखं होतं. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'थ्री ऑफ अस'मध्ये (२०२३) स्मृती हरवत चाललेल्या बायकोसोबत वेंगुर्ल्याला गेलेला नवरा त्यांनीच केला. बाजूला बसून बघत राहणारा हा माणूस फार कमी बोलतो, पण लक्षात राहतो.

आता पैशांचं. पूर्वी निर्माते एका करारात गाण्याचे सगळे हक्क घेऊन टाकत. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीनंतर चित्र बदललं. थिएटरबाहेर, म्हणजे टीव्ही, रेडिओ किंवा ॲपवर गाणं वाजलं की गीतकाराला रॉयल्टीचा वाटा मिळायला हवा आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. फक्त वारस किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच तो सोपवता येतो. जावेद अख्तर यांनी यासाठी राज्यसभेत जोर लावला होता.

नावाचं मात्र तसं नाही. हा मजकूर लिहिताना फोनवर तेच गाणं लावलं. स्क्रीनवर गायक दिसले, चित्रपटाचं पोस्टर दिसलं. गीतकाराचं नाव शोधायला तीन ठिपक्यांवर बोट ठेवून खाली सरकावं लागलं.