पहिला आकडा कधी वाढवायचा?

ओपन सोर्स प्रकल्पाच्या आवृत्त्यांना क्रमांक कसे द्यायचे, हा प्रश्न प्रोग्रॅमर मंडळी बहुधा आपल्या हौसेने सोडवतात. तो अपडेट करणाऱ्याच्या बाजूने सोडवायला हवा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या आणि जळकोटच्या एखाद्या खत-बियाणे दुकानाचा हिशेब त्यावर चालतो असे धरा. त्याच्या आवृत्तीच्या क्रमांकातल्या तीन आकड्यांपैकी शेवटचा वाढला तर चूक दुरुस्त झाली, मधला वाढला तर नवी सोय आली. अपडेट करायला फारसा विचार नको. पण २०२२ मध्ये आवृत्ती १३ ची १४ झाली, तेव्हा कर्मचारी आणि पगाराचा भाग मूळ सॉफ्टवेअरमधून काढून वेगळ्या ॲपमध्ये नेला. ते ॲप न टाकता पुढे गेलेल्याला पगाराचा विभागच सापडणार नाही. पहिला आकडा बदलला की आधी बॅकअप, मग चाचणी, हे त्यातूनच कळते. शिवाय इथे मधला आणि शेवटचा आकडा कोणाच्या मर्जीवर नाही: बदल नोंदवताना प्रोग्रॅमर ओळीच्या सुरुवातीला ‘फिक्स’ (दुरुस्ती) किंवा ‘फीट’ (नवी सोय) लिहितो आणि ते वाचून पुढचा क्रमांक यंत्रच काढते.

यावर कोणी उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमकडे बोट दाखवेल. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, किती सोपे! पण तारखेवरून वय कळते, आपले काम अडेल का ते कळत नाही. कोणी उबुंटूच्या गाभ्यातल्या लिनक्स कर्नेलचाही दाखला देईल: तिथे २०१५ साली ३.१९ नंतर थेट ४.० आले, तेही आकडे फार वाढले एवढ्याच कारणाने. मात्र वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा तिथला नियम इतका कडक आहे, की आकड्याने काही सांगायची गरजच उरत नाही. दोन-तीन स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला ती शिस्त कुठून आणायची? (टेक्स या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक आवृत्तीगणिक ‘पाय’च्या किमतीकडे सरकतो, ती चैन त्याचे जनक डोनाल्ड कनूथ यांनाच शोभते.)

खरा आक्षेप वेगळाच आहे: साध्या दुरुस्तीनेही कोणाचे तरी काम बिघडतेच. मान्य. आकड्यातून करणाऱ्याचा हेतू कळतो, हमी मिळत नाही. म्हणून सोबत बदलांची यादी लागतेच. पण पहिला आकडा शून्यावरच ठेवून वर्षानुवर्षे ‘अजून काहीही बदलू शकते’ म्हणत राहणे ही पळवाट झाली. तुमच्या सॉफ्टवेअरवर कोणी पगार काढत असेल, तर १.० जाहीर करा.