घरात पिल्लू आणताय? आधी फरशीवर रांगून घर पाहा

वारजे-माळवाडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की आधी पट्टा, बाऊल आणि गादीची खरेदी होते. घर मात्र आहे तसंच राहतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ते घरी येतं साधारण दोन महिन्यांचं, सगळं तोंडाने तपासून पाहण्याच्या वयात. चौथ्या महिन्याच्या आसपास त्याचे २८ दुधाचे दात पडू लागतात, ४२ पक्के दात यायला लागतात आणि शिवशिवणाऱ्या हिरड्यांसाठी ते दिसेल ते चावत सुटतं.

पिल्लाच्या उंचीवरून काय दिसतं?

गुडघ्यांवर रांगत एक फेरी मारली की बरंच काही दिसतं. टीव्हीमागच्या आणि इन्व्हर्टरच्या वायर्स, चार्जर, कपाटाखाली घरंगळलेली डांबराची गोळी, देवघरातला कापूर. ओट्याखाली गॅसची रबरी नळी असते. पाइप गॅस असो वा सिलिंडर, ती चावली तर धोका फक्त पिल्लाला नाही, अख्ख्या घराला आहे. ट्रॉलीचं दार बंद राहील अशी कडी आधी बसवून घ्या.

गॅलरीच्या ग्रिलमधलं अंतरही तपासा. डोकं मावतं तिथून पिल्लू जाऊ शकतं. खालच्या दोन-तीन फुटांना जाळी बांधली की काम होतं. गॅलरीत कुंडीत कण्हेर असेल तर ती पिल्लू येण्याआधीच हलवा. तिचं पान न् पान विषारी असतं.

स्वयंपाकघरातलं काय चालत नाही?

चॉकलेट देऊ नये हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण मराठी घरात खरी अडचण कांद्या-लसणाची आहे. पोहे, आमटी, रस्सा, कशातच ते चुकत नाहीत. शिजवले तरी त्यांचा परिणाम जात नाही, तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असा पशुवैद्यकांचा अंदाज आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, त्यामुळे चिंचेची आमटीही नको. आजी-आजोबांचा गोळ्यांचा डबा टीपॉयवरून उचला. माणसाला चालणाऱ्या आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात.

उंदराचं औषध सर्वात फसवं का?

घरात ते नसेलही, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा डक्टमध्ये असू शकतं. त्यामुळे सेक्रेटरींना विचारून घ्या. बाजारात मिळणाऱ्या केकमध्ये अनेकदा ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. पण हे लगेच दिसत नाही. खाल्ल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिल्लू मजेत खेळतं आणि घरचे निर्धास्त होतात. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, दम लागतो, आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो वेळेत सुरू व्हायला हवा. झिंक फॉस्फाइडचं तसं नाही. पोटात त्याचा विषारी वायू होतो, उतारा नाही, आणि हातात काही तासच असतात.

चपला दाराबाहेर

पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि चपलांच्या तळव्यांबरोबर घरात येतो. लसीचे सगळे डोस होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं होईस्तोवर, पिल्लाला रस्त्यावर किंवा सोसायटीच्या बागेत खाली सोडू नका. साधं फिनाइल या विषाणूवर भरवशाचं नाही, पाण्यात मिसळलेलं ब्लीच चालतं. मात्र फरशी पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावलं तर आणखी चांगलं, कारण डिलिव्हरीवाल्यासाठी दार उघडलं की पिल्लू जिन्यात पोहोचलेलं असतं.

काही गिळलंच तर?

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. मिठाचीच विषबाधा होऊ शकते. दूध-तुपानेही विष उतरत नाही. किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते लिहून ठेवा, डॉक्टरांना निघण्यापूर्वीच फोन करा आणि रिकामं पाकीट सोबत न्या. उपचार कोणते करायचे, हे त्या पाकिटावरच्या घटकांवरून ठरतं. जवळचा रात्रीही उघडा असणारा दवाखाना कोणता, हे पिल्लू येण्याआधीच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.