कल्पनांचा प्रसार : आपोआप की निवडीने?

समाजात एखादी कल्पना रूढ होते ती वाऱ्यावर बीज पसरावे तशी आपोआप, की माणसे ती विचारपूर्वक स्वीकारतात म्हणून? रिचर्ड डॉकिन्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ साली अशा कल्पनांना ‘मीम’ हे नाव दिले आणि जनुकांप्रमाणे त्याही अनुकरणाने वाढतात, स्पर्धेत टिकतात वा लोपतात, असा विचार मांडला. या विचाराची कसोटी पाहावयास आपल्याच देशातील दोन निर्णय उपयोगी पडतात.

२२ मार्च १९५७ रोजी भारत सरकारने मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आणली. दहाच दिवसांनी, १ एप्रिलला, दशमान नाणी आली. दोन्ही निर्णय जाणीवपूर्वक घेतलेले; दोहोंच्या मागे शास्त्रशुद्ध विचार आणि शासनाचे बळ. तरी नवे पैसे घरोघर रुळले, आणि राष्ट्रीय दिनांक मुख्यतः सरकारी कागदपत्रांत व वार्ताप्रसारणात राहिला.

याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. नाणे रोज हाती येई. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे, असा जुन्याशी सांधाही जुळे. शिवाय रुपये-आणे-पैंच्या हिशेबापेक्षा शंभराचा हिशेब सोपा. दिनदर्शिकेला मात्र रिकामी जागाच नव्हती : पगार इंग्रजी महिन्याने आणि सण तिथीने. त्यात महिन्यांची नावे तीच. राष्ट्रीय चैत्र साधारणतः २२ मार्चला लागतो, तर आपला चैत्र गुढीपाडव्याला.

म्हणजे कल्पना पुढे ठेवणे हे निवडीचे काम. ती रुजणे हे पुष्कळसे परिस्थितीचे. उलट, आणे व्यवहारातून गेले तरी ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार कोणी न ठरवता उरला, आणि पिकाच्या पैसेवारीला पुष्कळजण अजून आणेवारीच म्हणतात.

मग सारेच यंत्रवत् म्हणावे काय? तसे म्हटल्यास दुष्ट रूढीची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. अस्पृश्यता पिढ्यान्‌पिढ्या अनुकरणाने चालत आली. परंतु २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले, ते समजून-उमजून. अनुकरणाविरुद्ध बंड करण्याचे हे सामर्थ्य माणसात आहे, असे डॉकिन्स यांनीही मान्य केले आहे. रूढी आपोआप चालते. ती मोडावयास निश्चय लागतो, आणि तो प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो.