दुकानामागचा कचरा

व्यापार म्हटला म्हणजे खरेदी आणि विक्री ह्या दोन गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्यांच्याइतकीच नित्याची अशी तिसरी गोष्ट मात्र वहीखात्यात सहसा सापडत नाही. ती म्हणजे दुकान बंद होताना मागील दाराशी जमणारा कचरा. कापडवाल्याकडे पुठ्ठ्याची खोकी, कचेरीत कागद, उपाहारगृहात खरकटे आणि भाज्यांची साले, किराणा दुकानात फाटक्या पिशव्या व रिकामे डबे, असा ज्याच्या त्याच्या धंद्यानुरूप तो निघतो. घरातील केर रोज पिशवीभर असतो. मोठ्या भोजनगृहाचा केर एका दिवसात शेकडो किलो भरू शकतो. तेव्हा, श्रोतेहो, ह्या कचऱ्याचे पुढे काय होते आणि काय व्हावयास हवे, ह्याचा आज आपण थोडा विचार करू.

कचरा गावाबाहेर नेऊन टाकावा, हा आपला जुना शिरस्ता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचा कचरा आगगाडीने चेंबूरकडे जात असे. १९२४ साली उतारूंसाठी खुला झालेला कुर्ला-चेंबूर लोहमार्ग त्यापूर्वी ह्याच कामी येत होता. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. शहर वाढत गेले आणि एके काळचे ‘गावाबाहेर’ भरवस्तीत आले. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा ढीग पेटला, तेव्हा त्याचा धूर मुंबईवर दिवसेंदिवस राहिला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गावांच्या हद्दीत वर्षानुवर्षे पडत आला. विहिरींचे पाणी नासले अशी तक्रार करीत तेथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडविल्या. आपण टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी जाते, एवढेच ह्याचे तात्पर्य.

असा ढीग पेटतो कसा, हे समजण्यासारखे आहे. खरकटे, फळांची साले, शिळे अन्न ही खोल ढिगाऱ्याखाली दडपली गेली की तेथे हवा पोचत नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू ते कुजवितात आणि त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. त्याला ठिणगी मिळाली की कागद व प्लास्टिक हे सरपण तेथे तयारच असते. पेट न घेता हा वायू वातावरणात गेला तरी संकट टळत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. कुजण्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते, ते वेगळेच.

आता गंमत अशी की, ज्या पदार्थांनी हा अनर्थ होतो, ते वेगवेगळे ठेवले तर त्यांतील प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. कोरडा पुठ्ठा कागदाच्या गिरणीला हवा असतो. काच कितीही वेळा वितळवून नवी करता येते. जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून पुन्हा अ‍ॅल्युमिनियम करताना खनिजापासून ते काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. धारावीच्या तेरा कंपाउंडात टाकाऊ प्लास्टिक जातीनुसार व रंगानुसार निवडून, दळून, धुऊन, त्याचे दाणे पाडून पुन्हा कारखान्यांकडे पाठविण्याचा उद्योग कित्येक वर्षे चालत आला आहे. खरकट्याचे खत होते आणि इंधनवायूही होतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेली ‘निसर्गऋण’ योजना ह्याच तत्त्वावर उभी आहे. परंतु त्याच पुठ्ठ्यावर वाटीभर आमटी सांडली की गिरणी तो घेत नाही, आणि खरकट्यात फुटक्या बाटलीच्या काचा मिसळल्या की ते खत शेतकरी शेतात टाकीत नाही. किंमत जाते ती ह्या मिसळण्याने. आणि एकदा मिसळलेले पुन्हा निवडावयाचे म्हणजे कोणाचे तरी हात त्यात घालावे लागतात.

ते हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव ह्यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने कचरा वेचणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ हे तिचे नावच त्यांच्या मिळकतीची यादी होय. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. कचरा देणाऱ्याने सेवेचे शुल्क द्यावे आणि सुक्या मालाची विक्री वेचणाऱ्यांकडे राहावी, अशी ही घडी आहे. एखादे दुकान आपला सारा माल सरमिसळ करून दाबगाडीत टाकते, तेव्हा काच चुरडते, कागद भिजतो आणि ह्या बायांची त्या दिवसाची मजुरी बुडते. प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही, न्यायाचाही आहे, तो येथे.

कायद्यानेही ह्या बाबतीत पाऊल उचलले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरानिर्माते ठरविले, आणि ओला कचरा शक्य तोवर आपल्याच आवारात जिरविण्याची जबाबदारी उपाहारगृहांवर टाकली. तळणीच्या तेलाबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून गुणवत्तेची मर्यादा घातली. तीपलीकडे गेलेले तेल पुन्हा कढईत घालावयाचे नाही. ते मोरीत ओतल्यास नळ तुंबतात, गोळा करून दिल्यास त्याचे जैव डिझेल होते.

व्यापाऱ्याने प्रत्यक्षात करावे काय? कचरा जेथे निघतो तेथेच, म्हणजे स्वयंपाकघरात, बांधाबांधीच्या मेजापाशी, गल्ल्याजवळ, ओल्या व सुक्या कचऱ्याचे निरनिराळे डबे ठेवावेत. काच, तेल आणि निकामी विजेची उपकरणे ह्यांना स्वतंत्र जागा द्यावी. आठवडाभर कचरा तोलून पाहावा. कोणता माल नाहक वाया जातो हे त्या तागडीतच दिसते. कचरा नेणाऱ्यास दर विचारण्याबरोबर माल कोठे जातो हेही विचारावे व पावती घ्यावी. जागा नाही, नोकर ऐकत नाहीत, ह्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु एका गल्लीतील दहा दुकानांनी मिळून एकच कोपरा आणि एकच वेळ ठरविली, तर त्या पुष्कळ हलक्या होतात.

आणि आपण गिऱ्हाईक आहोत हेही विसरून चालणार नाही. घरून पिशवी नेणे, नको असलेले वेष्टन दुकानातच नाकारणे, उपाहारगृहात ताटात जेवढे संपेल तेवढेच मागविणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. दुकानामागच्या ढिगात आपलाही वाटा असतो. तो जितका कमी करू, तितके फुरसुंगीच्या विहिरीवरचे आणि वेचणाऱ्या बाईच्या हातावरचे ओझे हलके होईल.