ऑस्ट्रेलियांतील पोटावारी मुशाफरी

‘पोटावारी’ हा शब्द आपल्या घरांतून आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे. पूर्वीं एखादा पोरका मुलगा ‘पोटावारी ठेवला’ असें म्हणत. म्हणजे वेतन नाहीं. दोन वेळचें अन्न, अंथरुणापुरती जागा, आणि त्याबद्दल सांगतील तें काम. शब्दांतच दैन्य आहे. म्हणून पदवीधर, खिशांत परतीच्या तिकिटाचे पैसे असलेलीं मुलेंमुली पाठीवर बोचकें टाकून ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांत आपण होऊन पोटावारी राहतात, हें ऐकून पुष्कळांस विस्मय वाटतो.

वास्तविक त्या देशांत ही रीत अगदींच नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकांत कांबळ्याची वळकटी पाठीस बांधून मेंढ्यांच्या एका कुरणावरून दुसऱ्या कुरणावर पायीं भटकणारे मजूर तेथें असत. त्यांना ‘स्वॅगमन’ म्हणत. काम असेल तर करावें, पीठ, चहा, साखर व मांस असा शिधा घ्यावा आणि पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम. त्यांतलेच कांहीं धूर्त लोक मुद्दाम सूर्यास्ताच्या सुमारास येत. कामाची वेळ टळलेली, शिधा मात्र मिळे, आणि सकाळीं स्वारी पसार! त्यांना ‘सनडाउनर’ असें मार्मिक नांव पडलें होतें. (बरोबर पानें वाढतांना अवतरणारे आपल्याकडील गृहस्थ वाचकांस आठवतीलच.)

हल्लींची व्यवस्था मात्र इंग्लंडांतून आली. १९७१ सालीं स्यू कॉपर्ड नांवाच्या, लंडनमध्यें सेक्रेटरीचें काम करणाऱ्या बाईंनीं ससेक्स परगण्यांतील एमर्सन कॉलेजांत शनिवार-रविवार शेतकामास जाण्याची योजना काढली. शहरांत कोंडलेल्या माणसास मातीचा वास मिळावा आणि रासायनिक खतांवांचून शेती करणाराला दोन हात अधिक मिळावे, एवढाच हेतु. त्यांतून ‘वूफ’ ही संस्था वाढली. ऑस्ट्रेलियांत ती १९८१ पासून आहे. सामान्य संकेत असा कीं, पाहुण्यानें दिवसाला चार ते सहा तास काम करावें, यजमानानें जेवण व निवारा द्यावा, आणि पैशाची देवघेव मुळींच होऊं नये.

आतां हा विषय आपल्याहि उंबरठ्याशीं आला आहे. १८ ते ३० वर्षांच्या भारतीयांस तेथें वर्षभर राहून प्रवास व काम करण्याच्या परवान्यासाठीं १ ऑक्टोबर २०२४ पासून अर्ज घेण्यास सुरुवात झाली. जागा वर्षाला १,००० आणि उमेदवार फार, म्हणून निवड सोडतीनें होते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कन्येस ही सोडत लागली. तिचे वडील पेढे घेऊन आले खरे, परंतु त्यांच्या मुद्रेवर आनंदापेक्षां काळजीच अधिक होती. “गुरुजी, इंजिनीअर झालेली मुलगी परक्याच्या घरीं कोंबड्यांचीं खुराडीं झाडणार! हें का शिक्षणाचें फळ?”

आम्हीं त्यांना तेव्हां उत्तर दिलें नाहीं. तें पुढें तिच्या पत्रांनींच दिलें.

पहिला मुक्काम, २०२५ च्या एप्रिलांत, टास्मानिया बेटावर होबार्टच्या दक्षिणेस ह्यूऑन खोऱ्यांत एका वृद्ध दांपत्याकडे होता. तो प्रदेश सफरचंदांचा, आणि एप्रिल म्हणजे तिकडे शरद् ऋतु. सकाळीं कोंबड्यांना दाणापाणी, मग लसणाच्या पाकळ्या लावणें, झाडांच्या बुंध्याशीं पेंढा पसरणें, थंडीसाठीं लाकडें फोडून रचणें. दुपारच्या जेवणानंतर ती मोकळी. छपरावरचें पावसाचें पाणी टाकींत साठवून त्यावरच घर चालतें, म्हणून स्नान पांच मिनिटांत उरकावें लागे. पुण्यांत नळ वाहता ठेवण्याबद्दल रोज बोलणीं खाणाऱ्या मुलीला जें आईला शिकवितां आलें नाहीं, तें त्या टाकीनें आठवड्यांत शिकविलें! ती शाकाहारी हें आगाऊ कळविलेलें होतें. बाईंनीं मसुरीचें कालवण केलें आणि तिनें त्यांना फोडणी दाखविली. हातांस फोड आले तें बाबांना सांगूं नकोस, असें तिनें आईला लिहिलें. तें पत्र नेमकें बाबांच्याच दृष्टीस पडलें.

दुसऱ्या मुक्कामाची कथा निराळी. तेथील यजमान शेताबरोबर प्रवाशांस खोल्याहि भाड्यानें देत. सकाळीं सातापासून चादरी बदलणें, न्हाणीघरें घासणें, मग भांडीं, असे नऊ-नऊ तास. निजण्यास अडगळीची खोली; जेवण म्हणजे पाव आणि प्रवाशांनीं ठेवलेलें उरलेंसुरलें. दुकान दूर, वाहन नाहीं, मोबाइलहि धड चालेना. चौथ्या दिवशीं तिनें ‘पांच तास ठरले होते’ अशी आठवण दिली. ‘इतर मुली कुरकुर करीत नाहींत’ हें उत्तर. पांचव्या दिवशीं शेजारच्या शेतकऱ्याच्या मोटारींतून ती बसच्या थांब्यावर गेली.

हें वाचतांना आमच्या मनांत आदिपर्वांतील धौम्य ऋषींचे शिष्य उभे राहिले. आरुणि शेताचा फुटलेला बांध अडविण्यास स्वतःच आडवा पडला. उपमन्यु गाई राखी. गुरूंनीं त्याची भिक्षा काढून घेतली, गाईंचें दूध वर्ज्य केलें, वासरांच्या तोंडचा फेंसहि वर्ज्य केला. अखेर भुकेनें रुईचीं पानें खाऊन तो आंधळा झाला आणि विहिरींत पडला. अश्विनीकुमारांच्या कृपेनें शेवट गोड झाला. पण ती परीक्षा विद्येसाठीं होती आणि घेणारा गुरु होता. खोल्या भाड्यानें देणारा यजमान धौम्य नव्हे. त्याच्या घरीं उपमन्यु होण्याचें कोणासहि कारण नाहीं.

याहून जवळचें उदाहरण आपल्या घरांतलेंच आहे. वार लावून शिकलेले विद्यार्थी वडीलधाऱ्यांस ठाऊक असतील. कांहीं घरीं मुलास पाटावर बसवून तूप वाढीत. कांहीं घरीं आधीं पाणी भरून घेत, दळण आणवीत, मग पान मांडीत. भात दोन्हीकडे तोच. मुलगा पाहुणा कीं गडी, हें वाढणारीच्या बोलण्यावरून कळे.

तेथील कायदाहि हा भेद ओळखतो. नफ्याच्या धंद्यांत नोकरासारखें काम करून घेतलें, तर अन्न-निवारा देऊन सुटका होत नाहीं. वेतन द्यावेंच लागतें. एक मोह मात्र बरींच वर्षें होता. २००५ पासून, ग्रामीण भागांतील ठराविक काम तीन महिने केल्यास परवान्याचें दुसरें वर्ष मिळूं लागलें, आणि त्यांत विनावेतन कामहि धरलें जाई. पाहुण्याचें पुढचें वर्ष यजमानाच्या सहीवर. मग सहा तासांचे दहा झाले तरी तोंड कोण उघडणार? २०१५ सालीं सरकारनें ठरविलें कीं यापुढें वेतन मिळालेलेंच काम धरावें. आमच्या मतें हें फार उत्तम झालें. आज पोटावारी राहणाराला परवान्याचा कांहींच लाभ नाहीं, म्हणून न पटल्यास उठून जाण्यास तो मोकळा आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या कन्येनें मध्यंतरीं पगारी नोकरी करून गांठीला पैसे जोडले, आणि डिसेंबरांत, आपण लावलेला लसूण काढण्यासाठीं, ती त्या वृद्ध दांपत्याकडे पुन्हां गेली. खुराडीं तेथेंहि झाडावीं लागतात.

ज्या घरांतून कोणी जाऊं इच्छीत असेल त्यांनीं कामाचे तास, सुटीचा वार, निजण्याची जागा व जेवण हें सर्व आगाऊ लेखी विचारून घ्यावें. यजमानाचा पत्ता घरीं असावा. बसचा थांबा किती दूर तें माहीत असावें, आणि तेथवर जाऊन महिनाभर स्वतःच्या खर्चानें राहतां येईल इतकी रक्कम निराळी ठेवावी. दुसऱ्या मुक्कामीं हिला तीच उपयोगी पडली. टास्मानियांत सापांच्या जाती तीनच आहेत, परंतु तिन्ही विषारी. लाकडें रचतांना जाड बूट व हातमोजे हवेतच.