आधी पाणी अडवा, मग गिलावा करा

पावसाळा सरला की जुन्या घराच्या भिंतींना पोपडे सुटतात. लगेच सिमेंट थापू नका. दगड-मातीच्या भिंतीतली ओल सिमेंटमागे कोंडते, वर चढते आणि गिलावा पुन्हा सुटतो. आधी पाण्याची वाट शोधा: फुटके कौल, गळकी मोरी, भिंतीला लागून उकिरडा, की घराकडे उतरणारे अंगण? ती बंद करा. सुटलेला गिलावा खरवडा, पांढरा खार सुक्या कुंच्याने झाडा, उन्हाळ्यापर्यंत भिंत वाळू द्या. मग मुरवलेला चुना १ भाग, वाळू ३ भाग असा गिलावा करा. तोवर धान्याची पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचा. बुरशी लागलेले धान्य माणसांना नको आणि गुरांनाही नको.