अश्वशक्ती आणि ओढ यांतील फरक

तमिळनाडूच्या तंजावूर जिल्ह्यातील ओरत्तनाडु परिसरात सांबा हंगामातील भाताची कापणी साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत होते. भाताच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओढण्यास सुमारे ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरेसा ठरतो. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या २०२० सालच्या अवजड पिकअप ट्रकमधील ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन मात्र ४३० अश्वशक्ती देते. हा फरक कशामुळे?

चाक फिरविणाऱ्या जोरास टॉर्क म्हणतात. टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून अश्वशक्ती ठरते. ट्रॅक्टरचे गिअर वेग घटवून चाकांवरील जोर अनेक पटींनी वाढवितात. त्यामुळे तो मोठे ओझे संथपणे ओढतो. तेच ओझे महामार्गावर किंवा चढावर वेगाने न्यायचे असल्यास अधिक अश्वशक्ती लागते. पिकअपच्या त्या इंजिनास ४३० अश्वशक्तीसाठी मिनिटाला ५,५०० फेरे घ्यावे लागतात.

तथापि, ओढण्याइतकेच थांबविणेही महत्त्वाचे आहे. अनेक ट्रॉलींना स्वतंत्र ब्रेक नसतात. उतारावर जादा भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते, तर चढावर त्याची पुढची चाके उचलली जाऊन चालकाचा ताबा सुटू शकतो. महाराष्ट्रातील ऊस वाहतुकीतही हाच धोका असतो. म्हणूनच वजनाची मर्यादा इंजिनाच्या ताकदीवरून नव्हे, तर ब्रेकच्या क्षमतेवरून ठरविणे हिताचे आहे.